गाद्याच्या पिल्लाची जागा

माझ्या वहिनीला जाऊन वर्ष होत आलं. तेराव्याला जेवायला आलेल्या बायका मागच्या अंगणात हात धुताधुता बोलत होत्या. एक म्हणाली, "अहेवपणी गेली, सोनं झालं हो." दुसरी म्हणाली, "गाईसारखी होती बिचारी. आली, राहिली, गेली. काही घडलंच नाही तिच्या आयुष्यात." माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण घरात सुतक नुकतंच फिटलेलं, आणि भांडायला मी मोकळी असले तरी भाऊ आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेला. मी म्हटलं, "या, विडा घ्या." दुसरं काय म्हणणार.

म्हणून आता सांगते. अनसूयेच्या आयुष्यात काय घडलं ते मला ठाऊक आहे, माझ्या भावाला ठाऊक आहे आणि हायस्कुलातल्या तिप्पण्णा शिपायाला ठाऊक आहे. भाऊ बोलणार नाही. तिप्पण्णा तर त्याहून नाही. उरले मी, आणि माझं तोंड कुणाच्यानं बंद राहिलेलं नाही.

नवी पेठेच्या मागच्या बोळात आमचं बिऱ्हाड. थोरला भाऊ यज्ञेश्वर, त्याला आम्ही अण्णा म्हणतो, हायस्कुलात सायन्स शिकवतो. माझा नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेला आणि मी माहेरी आले, तेव्हापासून ह्याच घरात आहे. वहिनी माझ्याच वयाची, म्हणून आमचं एकेरीच चालायचं. ती 'प्रेमा' म्हणायची, मी 'वहिनी, अगं ऐक की' म्हणायची. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात, आमचं पटायचं. कारण ती भांडायचीच नाही, आणि एका हातानं किती वेळ टाळी वाजवणार मी.

अण्णाला एक वेड होतं. लग्नाच्या आधी कुणाच्या तरी मुंजीला तो देवगडकडे गेला होता, तिथं खाडीच्या तोंडाशी त्यानं गादे बघितले, आणि तिथून जे लागलं ते सुटलंच नाही. गादा म्हणजे काय ते सोलापुरात कुणाला ठाऊक असणार. साहेब लोक त्याला डॉल्फिन म्हणतात. दिसायला मासा, पण मासा नव्हे. हे वाक्य अण्णा उठता-बसता म्हणायचा. त्याला कल्ले नसतात, तो वर येऊन श्वास घेतो, पिलांना जन्म देतो आणि अंगावर पाजतो. दरवर्षी दिवाळीची सुट्टी लागली की हा पिशवी भरून कोकणात. शाळेतले मास्तर हसायचे. "सोलापुरात प्यायला पाणी नाही आणि यज्ञेश्वरपंत समुद्राच्या मागं लागलेत," म्हणायचे. अण्णा पण हसायचा. मुंबईला एक गोरा साहेब होता, प्राण्यांची हाडं जमवणारा. त्याला अण्णानं कळवलं होतं की ह्या खाडीतला गादा मला वेगळ्या जातीचा वाटतो, ह्याच्या पाठीवर बैलासारखं वशिंड आहे. साहेबानं उलट विचारलं, हाड कुठं आहे? हाड असल्याशिवाय आम्ही काही बोलत नाही. तेवढ्या एका हाडासाठी अण्णाचा जीव टांगणीला लागलेला.

पण त्याचं हाड राहू दे. वहिनीचं सांगायला बसले आहे.

पुष्कळ नवससायास होऊन तिला मुलगा झाला. गोपाळ नाव ठेवलं. गुटगुटीत होता, रांगायला लागला होता, दात अजून यायचे होते. वैशाखात घसा सुजला, घटसर्प म्हणाले डॉक्टर, आणि दोन रात्रींत खेळ संपला. दात न आलेल्या मुलाला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. बायकांनी तिकडं जायचं नसतं. वहिनीच्या मांडीवरून मीच त्याला उचललं. अण्णानं पांढऱ्या पंच्यात गुंडाळून घेतलं. बरोबर कुदळ घेऊन तिप्पण्णा गेला. तो मंद्रूपकडचा, शाळेत शिपाई, पण आमच्या घरी सख्ख्यासारखं येणं-जाणं. दोघं गेले आणि उन्हं कलल्यावर परत आले. अण्णानं विहिरीवर अंघोळ केली. तिसऱ्या दिवशी तिथं जाऊन दूध घालून यायचं असतं, त्यालाही तेच दोघं गेले.

त्यानंतर वहिनीनं एकच गोष्ट मागितली. लुगडं नको, दागिना नको, माहेरी जायला नको. एवढंच विचारायची, "कुठं ठेवलंत त्याला?"

अण्णा म्हणायचा, "विसर आता."

"विसरेन. पण कुठं ते सांगा. झाडाखाली आहे का? उन्हात आहे का?"

अण्णा उठून बाहेर जायचा. मला त्याचा संताप यायचा. मी त्याला ओट्यावर गाठून म्हटलं, "अरे, सांगून टाक की एकदा. तिला काय तिथं जाऊन राहायचंय? मनाला एक जागा पाहिजे असते माणसाच्या." तो म्हणाला, "प्रेमले, तू ह्यात पडू नकोस." कधी नव्हे ते एवढ्या कडक आवाजात बोलला, आणि मी चार दिवस त्याच्याशी अबोला धरला.

वहिनीनं तिप्पण्णालाही विचारलं. तो दारात उभा, ती उंबऱ्याच्या आत. तिप्पण्णा खाली बघत म्हणाला, "मला न्हाय आटवत, वैनीसाब. लई झाडी हाय तितं. समदं सारकंच दिसतंय." खोटं बोलायची त्या माणसाला सवयच नव्हती. कानशिलं लाल झाली त्याची. मला वाटलं, अण्णानंच दम भरला असणार.

मग वर्ष उलटल्यावर एक दिवस देवीला जाऊन येतो म्हणून वहिनी मला घेऊन निघाली आणि देवळाकडं न वळता सरळ ओढ्याकडं चालू लागली. मला कळायचं ते कळलं. भर दुपार, काटेरी बाभळी, जिकडं तिकडं मातीचे लहान लहान उंचवटे. प्रत्येकापाशी थांबायची, वाकून बघायची आणि पुढं जायची. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. शेवटी एका गुराख्यानं हटकलं, "बायकांनी हितं काय करायलाय?" तेव्हा मी तिला दंडाला धरून परत आणलं. बोळात बोभाटा झाला. ब्राह्मणाच्या बायका मसणवट्यात फिरतात म्हणून लोकांनी तोंडसुख घेतलं. अण्णाच्या कानावर गेलं. तो तिला एका शब्दानं बोलला नाही, मात्र दिवाळीच्या सुट्टीला आम्हा दोघींनाही कोकणात न्यायचं ठरवलं. हवापालट, म्हणाला.

वहिनी जाताना मला म्हणाली, "तिथं तरी सांगतील. घरापासून लांब गेलं की माणूस बोलतं." त्या आशेवरच ती आली, समुद्र बघायला नव्हे.

शेंगाची चटणी आणि कडक भाकरीची चळत बांधून घेतली. तिप्पण्णा बरोबर होताच. कुर्डुवाडीला गाडी बदलून बार्शी लाइटच्या त्या चिमुकल्या डब्यात बसलो. मोडनिंबला एक बाई पोराला काखेत मारून खिडकीशी पेरू विकायला आली, तेव्हा वहिनीनं लुगड्याचा पदर डोळ्यांवर ओढला. मिरज, कोल्हापूर, मग मोटारनं घाट उतरून देवगडच्या अलीकडं एका लहान गावात. एका भटजींच्या पडवीत आमचा मुक्काम. समुद्र पहिल्यांदा बघितल्यावर वहिनी म्हणाली, "एवढं पाणी, आणि पिता येत नाही म्हणे." बस, इतकंच.

अण्णाचं काम कसं चालायचं ते सांगते, कारण आम्ही दोघी त्यात अशा ओढल्या गेलो की सांगता सोय नाही. खाडीच्या तोंडाशी एक काळा कातळ आहे, त्याच्यावर आम्ही दोघींनी बसायचं. गादे वर आले की होडीतून नेमकं कुठं ते दिसत नाही, उंचावरून दिसतं. गादे उजवीकडं दिसले तर अण्णाचं जुनं धोतर उजवीकडं हलवायचं, डावीकडं दिसले तर डावीकडं. खाली होडीत अण्णा, वल्ह्यावर गावचा तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा मालक, म्हातारा, सगळं आयुष्य पाण्यावर गेलेला. अण्णाच्या मांडीवर शाळेतली दगडी पाटी असायची. कागद भिजतो म्हणून तो पाटीवरच गाद्याच्या पाठीची आकृती काढायचा. प्रत्येकाच्या पाठीवरच्या पराला, म्हणजे उभ्या पंखाला, कुठं ना कुठं खोक, चीर, कापलेलं टोक असतं. त्यावरून कुठला कुठला ते ओळखायचं. पहिल्या दिवशी मी एका खडकासाठी सकाळभर धोतर हलवलं. अण्णा संध्याकाळी म्हणाला, "प्रेमले, तुझा गादा ओहोटीला कोरडा पडला बघ." वहिनी हसली. किती महिन्यांनी हसली, आणि मी पडवीतल्या अंधारात डोळे पुसले.

खरा गादा दिसला तो तिसऱ्या का चौथ्या दिवशी. आधी आवाज आला, दमलेल्या बैलानं फुस्स करून श्वास सोडावा तसा. मग राखाडी पाठ, तिच्यावर वशिंड, आणि सगळं परत पाण्याखाली. वहिनी उठून उभी राहिली. तिला ते आवडलं. हळूहळू ती माझ्या आधी ओळखायला लागली, कोण वर आलं ते. गोठ्यातल्या गाईंना ठेवतात तशी नावं ठेवली तिनं. एकीच्या पाठीवर पांढरट पट्टा होता, ती बांडी. एकाचा पर मोडलेला, तो मोड्या. बांडी गाभण आहे असं अण्णा म्हणाला, तेव्हापासून वहिनीचं लक्ष तिच्यावरच. उन्हात तासन् तास बसायची. भटजींची बायको मला म्हणाली, "तुमची भावजय माशांत रमली हो." मी म्हटलं, "मासे नव्हेत ते." अण्णाचा गुण लागला मला.

आणि एका सकाळी बांडी पिल्लाला घेऊन आली. पण ते पोहत नव्हतं.

ती त्याला नाकाडावर तोलून वर धरायची. ते घरंगळून पडायचं. ती खाली जायची आणि परत त्याला वर आणायची, जणू श्वास घे म्हणते आहे. पिल्लू मेलेलं होतं, हे मला कातळावरून कळलं, मग वहिनीला कळलं नसेल का? मी तिचा हात धरला. खाली होडीत अण्णा नुसता उभा राहिला होता, पाटी गुडघ्यावरून पडलेली. असलं काही कुणी डोळ्यांनी बघितलं आहे असं त्याच्या वाचनात नव्हतं.

दुपारी जेवताना वहिनी म्हणाली, "तुम्ही त्याला आणणार?"

अण्णा खोटं बोलला नाही. म्हणाला, "साहेबाला हाड हवंय. लहान आहे, पण डोक्याच्या हाडावरून जात कळते. तांडेल म्हणतो जाळं टाकलं तर सहज येईल."

"ती सोडेल तेव्हा सोडेल," वहिनी म्हणाली. "तोवर हात लावायचा नाही. माझ्या मांडीवरून उचललंत तसं तिचं उचलायचं नाही."

मी पानावरून उठले. मला पुढचं ऐकवेना. पण अण्णा 'बरं' म्हणाला, हे मी ऐकलं. आणि त्यानं शब्द पाळला, हेही सांगायला हवं. सुट्टी संपत आली होती, शाळेला तार करून त्यानं रजा वाढवून घेतली. रोज होडी घेऊन जायचा, लांब थांबायचा, पाटीवर लिहायचा, हात हलवत परत यायचा. बांडी त्या पिल्लाला घेऊन फिरतच होती. त्याची कातडी सुटायला लागली तरी फिरत होती. दुसरे गादे तिच्या आजूबाजूला असायचे, ती काही खात नव्हती. तांडेल वहिनीला म्हणाला, "आवस आसा ती. सोडूची नाय इतक्यात." आवस म्हणजे आई. वहिनी म्हणाली, "ठाऊक आहे."

मग एका पहाटे भरतीनं ते पिल्लू वाळूवर आणून ठेवलं. बांडी लाटांच्या पलीकडं होती, इकडून तिकडं जात होती, आणि दुपारपर्यंत तिथंच होती. नंतर दिसली नाही.

अण्णानं दोरीनं मापं घेतली. हलक्या हातानं, एखाद्या आजाऱ्याला हात लावावा तसा. मांस लगेच काढत बसलं तर कोवळी हाडं मोडतात. म्हणून वरच्या कोरड्या वाळूत पुरायचं, वर्षभरात मांस आपोआप झडतं, पुढल्या दिवाळीला येऊन हाडं काढायची. ही हाडं जमवणाऱ्यांची रीत. 'पुरायचं' म्हटल्यावर वहिनी म्हणाली, "मी येणार." तिथं नको म्हणायला कोण होतं? ती आली. तिप्पण्णानं खड्डा खणला आणि पिल्लाला तिनं स्वतः आत ठेवलं. त्याच्या तोंडाखालची वाळू तिनं हातानं सारखी केली. मी बघत उभी होते.

वाळू लोटून झाल्यावर अण्णानं डोक्याशी बांबू रोवला. मग उंडीच्या झाडापासून दोरी धरून अंतर मोजलं, कातळापासून मोजलं, झाडावर कोयत्यानं घाव घातला.

"हे कशाला?" वहिनीनं विचारलं.

"पुढल्या वर्षी सापडायला हवं ना. वाळू सगळी सारखीच दिसते."

वहिनी त्याच्याकडं बघत राहिली. म्हणाली, "हां. सापडायला हवं असलं की खूण करतात."

अण्णाच्या हातातली दोरी तशीच राहिली. मला वाटलं, आता बोलेल. आता सांगेल. पण तो वळला आणि तिप्पण्णाला म्हणाला, "दगड आण." मग दगडच दगड. तांबडे चिरे, डोक्याएवढाले, तिप्पण्णा वाहून आणतोय आणि अण्णा रचतोय. घाम निथळत होता दोघांच्या अंगावरून. मी म्हटलं, "अरे, किल्ला बांधतोयस का? एवढंसं ते पिल्लू." अण्णा म्हणाला, "वाळू उडते." तिप्पण्णा माझ्या नजरेला नजर देईना. वहिनी म्हणाली, "केवढं ओझं त्याच्या छातीवर."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं भटजींच्या बायकोकडून वाटीभर म्हशीचं दूध मागून घेतलं. मी चुलीपाशी होते. ती पदराखाली वाटी झाकून निघाली, तेव्हा कुठं चालली आहे ते मला कळलं. मी अडवलं नाही. जिला स्वतःच्या बाळाच्या जागेवर दूध घालायला मिळालं नाही, ती गाद्याच्या पिल्लाला घालत असेल तर घालू दे. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मी वर्षा-दीड वर्षात न बघितलेला निवांतपणा होता. त्या दिवशी तिनं पोटभर जेवण केलं. रात्री माझ्या शेजारी पडल्यापडल्या म्हणाली, "प्रेमा, दरवर्षी यायचं का ग आपण इथं?" मी म्हटलं, "येऊ की."

सकाळी उजाडताउजाडता तांडेलाची हाक आली. अण्णा आणि तिप्पण्णा पळत गेले, त्यांच्यामागं आम्ही.

दगड बाजूला रचून ठेवलेले होते, एका ओळीत, बाईमाणसाच्या हातानं ठेवावे तसे. मधला खड्डा उकरलेला. वाळूवर कोल्ह्यांची पावलंच पावलं. पिल्लू नव्हतं. इकडं तिकडं तुकडे होते आणि खड्ड्याच्या कडेला डोकं तेवढं होतं, अर्धवट सोललेलं.

वहिनी मटकन वाळूत बसली. "दगड मी काढले," ती म्हणाली. "दूध त्याच्यापर्यंत पोचायला हवं म्हणून मधले सगळे काढले. म्हटलं, जरा मोकळा श्वास घेऊ दे. मला वाटलं दूध घातलं की..." ती हातानं वाळू खड्ड्यात लोटायला लागली, रिकाम्याच खड्ड्यात.

मी अण्णाच्या रागाची वाट बघत होते. त्याचं इतक्या वर्षांचं काम कोल्ह्यांच्या पोटात गेलं होतं. पण तो तिच्यासमोर खाली बसला आणि त्यानं तिचे हात धरले. आमच्यादेखत, उघड्यावर. म्हणाला, "तुझा दोष नाही. दुधाच्या वासानं येतात. वासानं नाही आले तर तसेही येतात. मला ठाऊक होतं, म्हणून दगड रचले होते."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

मागं तिप्पण्णानं डोक्याचा रुमाल सोडला, तोंडात कोंबला आणि समुद्राकडं तोंड करून उभा राहिला. त्याची पाठ हलत होती. वहिनीनं त्याच्याकडं बघितलं. मग अण्णाकडं बघितलं.

"आपलं बाळ कुठं आहे?"

"कुठंच नाही," अण्णा म्हणाला.

अण्णा वाळूकडं बघत बोलला. "तिसऱ्या दिवशी दूध घेऊन गेलो. तर तिथं... हे असंच." त्याच्यानं पुढं होईना, तेव्हा तिप्पण्णाच तिकडं तोंड ठेवून बोलला, "आमी लई हुडकलं, वैनीसाब. दोगांनी. वड्याच्या पल्याडपातूर ग्येलो. पंचाची चिंदीबी गावली न्हाय. दगडं घालायचं त्या दिवशी कुणाच्या ध्येनातच आलं न्हाय वो."

मला अण्णाचा एवढा राग यायचा, त्याला मी दगडाच्या काळजाचा म्हणायची. आणि हा माणूस हे पोटात घेऊन दीड वर्ष रोज पानावर बसत होता, रोज तिचं 'कुठं ठेवलंत' ऐकत होता. मला रडू कोसळलं. वहिनी मात्र रडली नाही. उठली, ते डोकं दोन्ही हातांनी उचललं, लाटेत नेऊन धुतलं आणि पदरात घेऊन आली. शिवाशिव पाळणारी बाई, सोवळ्याशिवाय चुलीला हात न लावणारी.

अण्णा म्हणाला, "तुला वाटत असेल तर पाण्यात सोडू त्याला. होडी आहे. मला काही नको आता."

"नको," वहिनी म्हणाली. तिनं पदरातलं डोकं त्याच्या ओंजळीत ठेवलं. "हे त्या साहेबाला पाठवा. म्हणावं, नीट ठेव. कपाटात ठेव, वर चिठ्ठी लाव. ह्याची तरी कुठं जागा असू दे."

ते डोकं मिठात घालून, डब्यात बंद करून मुंबईला गेलं. साहेबाची पोच आली. ती जात वेगळी निघाली की नाही, अण्णाचं नाव कुठं छापलं की नाही, ते मला ठाऊक नाही. अण्णानं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. कोकणात जाणंही थांबलं. वहिनीनं 'कुठं ठेवलंत' हा प्रश्न परत विचारला नाही. दिवाळी आली की मात्र दिवा लावताना अण्णाला विचारायची, "ते आहे ना हो तिथं?" अण्णा म्हणायचा, "आहे." एवढ्यावर तिचं वर्ष जायचं.

काही वर्षांनी अण्णा शाळेच्या कामानं मुंबईला गेला, तेव्हा ते बघायला गेला होता. परत आल्यावर विहिरीपाशी मला एकटीला गाठून त्यानं सांगितलं. साहेब विलायतेला निघून गेला. त्याच्या सामानाची वाटणी झाली, त्यात कीड लागलेलं, वास येणारं होतं ते टाकून दिलं. हेही त्यातच गेलं. "तिला सांगू?" अण्णानं विचारलं. लपवाछपवी केली म्हणून ज्याच्याशी मी अबोला धरला होता, तो मला विचारत होता. मी बादली खाली ठेवली आणि म्हटलं, "सांगू नकोस."

वहिनीचा आजार मोठा नव्हता, पण अंगात काही उरलंच नव्हतं तिच्या. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी अण्णा शाळेत गेलेला, मी तिच्या उशाशी भाताची पेज घेऊन बसले होते. तिनं डोळे उघडले.

"प्रेमा, ते आहे ना ग तिथं?"

"आहे की. काचेच्या कपाटात आहे."

"चिठ्ठी लावलीय?"

"लावलीय."

"काय लिहिलंय तिच्यावर?"

पेजेत चमचा फिरवत मी म्हटलं, "गावाचं नाव लिहिलंय. कुठं मिळालं ते."

"ते बरं केलं," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.